भिंतीला धरून

"भिंतीला धरून उभे राहा. जिना मोकळा सोडा."

तो आवाज पुन्हा कानात घुसला आणि लोरेन पेट्राकिसने दातओठ खाल्ले. दोन तासांत हे वाक्य तिने तीस वेळा तरी ऐकलं होतं. पुस्तकांचं दुकान तीन मजली, रांग वरपासून थेट रस्त्यावरच्या दारापर्यंत, आणि दुकानातली ती उंच बाई वरच्या पायरीवर उभी राहून, माईकबीईक काही न घेता, सगळ्यांना हाकत होती.

लोरेन नदीपलीकडच्या ॲस्टोरियाहून दोन गाड्या बदलून आली होती. गुडघे बोंबलत होते. मनगटाला निळी पट्टी आणि काखेत नवंकोरं जाडजूड पुस्तक. पुस्तक घेतलं तरच पट्टी आणि पट्टी असेल तरच रांग, असा इथला कायदा. त्या पुस्तकात तिला काडीचा रस नव्हता. ते लिहिणारे गिडियन मार्श वर टेबलाशी बसले होते. त्यांच्याच कादंबरीवरून ब्रॉडवेवर 'धुक्यातली घंटा' हे संगीत नाटक आलं होतं. त्यांच्या शेजारी सेलेस्ट वॉर्न, त्या नाटकातली वेरा. लोरेनला गाठायचं होतं ते तिला.

याआधी तीनदा ती थिएटरच्या मागच्या दाराशी ताटकळली होती. तिन्ही वेळा सेलेस्ट वॉर्न मोटारीत बसून निघून गेली. आता नाटकच बंद झालं होतं. आज भेट झाली नाही तर मग कधीच नाही.

पर्समध्ये प्रयोगाची पुस्तिका होती आणि पुस्तिकेत एक चिठ्ठी. स्टॅव्रोसच्या हातची. चाळीस वर्षं बॉयलर दुरुस्त करता करता तिच्या नवऱ्याचे कान गेले होते. शेवटी तर यंत्र लावूनही काही कळत नसे. मग दोघांचं बोलणं कागदावर चालायचं, हाताला लागेल त्या कागदावर. नाटकाच्या त्या दुपारी थिएटरच्या सगळ्यात वरच्या सज्जात तो नुसता तिच्यासाठी म्हणून बसला होता. खाली वेरा गायला लागली आणि हा एकदम ताठ झाला. पुस्तिकेतून मांडीवर पडलेला एक कागद त्याने उचलला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, "हिचं ऐकू येतंय मला. भेटून सांग तिला."

मे महिन्यात स्टॅव्रोस गेला. लोरेनने ती दोन वाक्यं रोज वाचली. सांगायचं मात्र राहूनच गेलं होतं.

"नाव?" उंच बाई आता पिवळे चिकटकागद घेऊन रांगेतून खाली आली होती. त्यावर प्रत्येकाचं नाव लिहून ती पुस्तकाला डकवत होती, म्हणजे सही करणाऱ्यांना विचारत बसायला नको.

"लोरेन. पण मला पुस्तकावर सही नको. पुस्तिकेवर हवी, आतल्या चिठ्ठीवर."

"पुस्तिका चालणार नाही, मॅडम. फक्त पुस्तक. फोटो नाही, गप्पा नाहीत."

"अहो, एक मिनिटाचं काम आहे."

"मागे दोनशे लोक आहेत, त्यांचंही एकेका मिनिटाचंच आहे."

लोरेनने तरी पुस्तिका तिच्या नाकासमोर धरली. "हा प्रयोग बघितलाय मी. अकरा मार्च, बुधवार दुपार."

बाईचं पेन थांबलं. "दुपारचा?"

"दुपारचाच. म्हाताऱ्यांना तोच परवडतो."

"आवडला?"

"आवडला म्हणून तर गुडघे मोडत उभी आहे. तुम्हाला काय कळणार त्यातलं? तुम्ही जिने मोकळे करा."

चिकटकागद डकवून बाई पुढे निघाली.

"थांबा," लोरेन म्हणाली. "तुमचं नाव काय? पूर्ण सांगा."

"मार्गो टिलेट. तक्रारवही खाली काउंटरवर आहे."

लोरेनने ते नाव मनात घोकून ठेवलं. जाताना वहीत पानभर लिहायचं तिने ठरवून टाकलं.

अर्ध्या तासाने तिचा नंबर लागला. मार्शसाहेबांनी मान वर न करता पुस्तकावर सही ठोकली आणि ते शेजारी सरकवलं. नशिबाने मार्गो टिलेट तेव्हा टेबलाकडे पाठ करून उभी होती. लोरेनने घाईघाईने चिठ्ठी काढून सेलेस्ट वॉर्नसमोर ठेवली. घरून पाठ करून आणलेलं सगळं विसरलं.

"माझे यजमान दोन वर्षं ठार बहिरे होते," ती म्हणाली. "माझा आवाज नाही, फोन नाही, दारावरची बेल नाही. तुम्ही गायलात ते तेवढं त्यांना ऐकू आलं. त्यांनी आभार सांगितलेत. आता ते नाहीत, म्हणून मी आले."

सेलेस्ट वॉर्नने पेन खाली ठेवलं. चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. "कधीचा प्रयोग म्हणालात?"

"अकरा मार्च. दुपारचा."

तिने चिठ्ठी उलटली. मागची छापील ओळ वाचली. मग दोन्ही हातांनी तिने ती लोरेनपुढे धरली, छापील बाजू वर करून.

"माझा घसा बसला होता त्या आठवड्यात," ती हळूच म्हणाली. "मी घरी होते. हे मला नाही सांगायचं, मॅडम."

"पुढे सरका, मॅडम," पाठीमागून तोच आवाज आला. "भिंतीला धरून."

लोरेनने चष्मा सारखा केला. त्या बाजूला काय छापलंय ते तिने कधी धड वाचलंच नव्हतं.

'आजच्या प्रयोगात सेलेस्ट वॉर्न यांच्याऐवजी वेराची भूमिका करीत आहेत: मार्गो टिलेट.'