आठ दिवस वाट बघणारा बोर्ड

"'दिवो विझलो' काय म्हणतंस गो? घरचो माणूस दर्यात आसा. 'शांत झालो' म्हण!" देवापुढच्या समईवरून सासू शुभदावर करवादली.

शुभदाच्या नवऱ्याची, जयवंतची होडी देवबागहून गेली त्याला चार महिने झाले होते; ती परतली नव्हती. घरात शिरताच फोन चार्जिंगला लावायची त्याची सवय, म्हणून शुभदाने त्याच्या चार्जरचा तांबडा दिवा चालूच ठेवला होता. तिच्या दिराने, विराजने, फुकट जाणारी वीज वाचवायला प्लगांचा एक बोर्ड बनवला आणि तो चार्जरही त्यावरच लावला. आठ दिवस वाट बघून वापरात नसलेला प्लग तो आपोआप बंद करी.

नवव्या सकाळी चार्जरचा तांबडा दिवा बंद होता.

"भावजी, तुमचो बोर्ड बिघडलो," शुभदा म्हणाली. विराजने आपला फोन बोर्डाला लावला; तो चार्ज होऊ लागला.

सासूने चार्जरवरून हात फिरवला.

"बोर्ड बिघडूक नाय. दिवो विझलो गो, बाय."