खिशातला हात

बाळ खरं निघालं. नायकाच्या तोंडचं पाणी पळालं ते त्यामुळेच. ताई सकाळी म्हणाली होती, बाहुली असेल, दुपट्यात गुंडाळलेली, तू नुसतं प्रेमाने बघ. आणि इथे दुपट्यातून एक इवलीशी मूठ बाहेर आली, मागोमाग जांभई आली आणि शूटिंगचं सगळं युनिट 'अगं बाई, अगं बाई' करत भोवती जमलं.

बाळ लाइटवाल्याचं. त्याची बायको ते छातीशी धरून हॉस्पिटलच्या खोट्या भिंतीपाशी उभी होती. आनंदाने तिला काय करू नि काय नको असं झालं होतं. "दादा, तुमच्या हातात येणार म्हणजे नशीबच काढलं हो पोराने!" ती म्हणाली. "फक्त मानेखाली हात ठेवा हं. अजून मान धरली नाही त्याने."

नायक हसला. हसण्यात तो कधीच कमी पडला नव्हता. उजवा हात मात्र त्याने खिशात आणखी खोल दाबला.

हा खिशातला हात म्हणजे काय चीज होती, ते काय सांगायला हवं? पोस्टरवर तोच, जाहिरातीत तोच. गल्लीबोळातली पोरं उजवा हात खिशात घालून, मान तिरकी करून उभी राहायची. लग्नाच्या फोटोत नवरदेवसुद्धा तसेच. कुणी त्याला रुबाब म्हणायचं, कुणी माज. तो हात खिशात का गेला हे फक्त त्याला, डॉक्टरांना आणि त्याची सगळी कामं बघणाऱ्या थोरल्या बहिणीला ठाऊक होतं. बाहेर काढला की हात लटलटा कापायचा. कप धरला तर चहा बशीत, आणि बशी धरली तर बशी जमिनीवर. गोळ्यांनी काही दिवस बरे जायचे. आजचा दिवस त्यातला नव्हता.

"चला!" दिग्दर्शक ओरडला. "हिरो, आज तो हात खिशातून काढायचा बरं का. आज बाप झालायस तू. दोन्ही हातांनी घ्यायचं."

सगळे खो खो हसले. तोही हसला, आणि ताईला दंडाला धरून भिंतीमागे घेऊन गेला.

"तू बाहुली म्हणाली होतीस."

"ऐन वेळी बदललं त्यांनी. मी काय करू? डाव्या हातावर घे. उजवा नुसता खाली लाव. मिनिटभराचं तर काम."

"पडलं तर?"

"काही पडत नाही."

"ताई, पडलं तर?"

ताईने त्याची कॉलर नीट केली. ती मघाशीच नीट केलेली होती. "हे बघ," ती हळूच म्हणाली, "हे बाहेर कळलं ना, तर उद्या कुणी दारात उभं करणार नाही तुला. इतकं रक्त आटवलंय आपण. आजचा दिवस निभावून ने." ती वाईट नव्हती. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं होतं, आणि त्याच्या काळजीने हल्ली तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

तो परत येऊन दिव्यांच्या उजेडात उभा राहिला. बाळाची आई पुढे आली. तिच्या कोपरावर ते डोकं एका बाजूला कललं होतं आणि खाली ती एवढीशी मान दिसत होती.

"थांबा," तो म्हणाला. "मला जमायचं नाही हे."

"अरे, दहा गुंडांना एका हाताने लोळवतोस," दिग्दर्शक म्हणाला, "आणि एवढ्याशा जिवाला घाबरतोस होय?"

"घाबरतो." नायकाने खिशातला हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर धरला. "हे बघा. हा थांबत नाही."

हात कापत होता. बोटं, मनगट, पार कोपरापर्यंत. दिग्दर्शकाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आणखी क्षणभर गेला असता तर सगळ्यांना कळून चुकलं असतं. तेवढ्यात ताईने टाळ्या वाजवल्या.

"वा!" ती मोठ्याने म्हणाली. "याला म्हणतात ॲक्टिंग! पहिल्यांदा बाप झालेला माणूस असाच कापतो!"

झालं! दिग्दर्शकाच्या जिवात जीव आला. "अरे, हेच! हेच हवं होतं मला! कॅमेरा तयार ठेवा!" सगळं युनिट टाळ्या पिटायला लागलं. शिडीवरून लाइटवाल्याने शीळ घातली. मेकअपवालीचे तर डोळे भरून आले. नायक मधोमध तसाच हात धरून उभा. आता बोंबलून सांगितलं तरी या लोकांना खरं वाटायचं नाही, असं त्याला वाटलं.

बाळाची आई तेवढी त्याच्या हाताकडे बघत होती. जवळ येऊन त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "दादा, खरं सांगा. देऊ?"

त्याने ताईकडे पाहिलं. ताई टाळ्या वाजवतच होती आणि मानेने 'घे, घे' म्हणत होती.

"नका देऊ, वहिनी," तो म्हणाला, पार शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "पाडेन मी त्याला. आजारी आहे मी."

टाळ्या एकेक करून थांबल्या. बाईने बाळाला घट्ट धरलं आणि ती मागे सरली. मग ताई लगबगीने पुढे आली, तोंडावरचं हसू तसंच ठेवून, आणि सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरून खिशात घालू लागली. हात खिशाच्या काठाला आपटत होता, आत जात नव्हता.

"घाल ना रे आत," ती म्हणत होती. "घाल ना."