बरणीतल्या चिठ्ठ्या

"आज थालीपीठ," बाबांनी चिठ्ठी उलगडली. "पुन्हा तुझ्या आवडीचं. नशीब काढलंस." लॉकडाऊन लागल्यावर आम्ही दोघांनी आपापल्या आवडीचे पदार्थ लिहून एका रिकाम्या बरणीत टाकले होते. रोज एक चिठ्ठी निघे. बाबा रांधत आणि मी लॅपटॉप मिटून आयती जेवायला बसे.

"कसं झालंय?" ते विचारत.

"खाण्यासारखं," मी म्हणे. ते हसत.

थालीपीठ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत. झोपेतच हृदय थांबलं होतं.

तेराव्यानंतर मी बरणी टेबलावर पालथी केली. माझ्या अक्षरात मसालेभात, डाळवांगं, शेवयांची खीर. बाबांच्या अक्षरातही तेच, शिवाय मी लहानपणी हट्टाने मागायचे तो साखरभात. कारलं त्यांना फार प्रिय, पण ते एकाही चिठ्ठीत नव्हतं. मी नाक मुरडते म्हणून. कित्येक दिवसांनी मला हसू आलं.

त्या दुपारी कारल्याच्या काचऱ्या केल्या, गूळ जरा सढळ हाताने घालून. दोन ताटं वाढली. पहिला घास कडू लागला, दुसरा बरा.

"बाबा," समोरच्या खुर्चीकडे बघून मी म्हटलं, "थालीपीठ फार छान झालं होतं. सगळंच छान व्हायचं."