टॉर्क्विलचा दुसरा दगड

तळं पुरतं गोठलं की आमच्या गावात बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ रंगतो. प्रत्येकाला दोन दगड. बर्फावर आखलेल्या गोलाच्या मध्याशी ज्याचा थांबेल, तो जिंकला. दगड वाटेतच रेंगाळायला लागला, तर सोबत्यांनी त्याच्यापुढचा बर्फ झाडायचा, म्हणजे तो आणखी थोडा पुढे जातो.

माझ्या धाकट्या भावाचा, टॉर्क्विलचा दगड कायम अलीकडेच थांबायचा. "सकाळी लापशी नाही मिळाली वाटतं!" असं आम्ही ओरडायचो, आणि त्याची बायको इफी हसत झाडू घेऊन धावायची.

गेल्या हिवाळ्यात बर्फ फुटला आणि तो दोन्ही दगडांसकट खाली गेला. सापडला नाही.

यंदा त्याची पाळी आली तेव्हा आम्ही टोप्या काढून गप्प उभे राहिलो. तेवढ्यात दगड सरकल्याची ओळखीची घरघर ऐकू आली. बर्फावरचा एकही दगड हलत नव्हता. आवाज खालून येत होता, आणि गोलाच्या अलीकडेच मंदावत होता.

"बघताय काय नुसते? झाडा की!" म्हणत इफी काठावरून धावली. त्या आवाजापुढे ती जीव तोडून बर्फ झाडत राहिली. घरघर गोलाच्या मध्यावर आली आणि तिच्या पायांखाली थांबली.

मी तिचा हात धरला. "इफी, घरी चल."

"थांबा ना दादा," ती डोळे पुसत म्हणाली. "त्यांचा अजून एक राहिलाय."

तळ्याच्या पलीकडच्या टोकाला पुन्हा घरघर सुरू झाली. मी झाडू उचलला.