दोन लिटरचा डबा

लताबाई रिकामा डबा घेऊन कुंपणाशी उभ्या होत्या. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं नोकरी झाली, एकदाही लेट मार्क नाही, आणि आज आपण कोणाची तरी पर्स मारून पळतोय असं त्यांना वाटत होतं.

शकुन-अपशकुन त्या मानत नसत. पण शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करणं हा अपशकुन नव्हेच, तो उघड निर्लज्जपणा. तरी इलाज नव्हता. सोमवारचं विमान होतं. डब्यात चिमूटभर काही घातलं, तर पलीकडचा ग्रॅहम तो भरून परत पाठवणार. मग लोकाचा डबा घरात ठेवून जाता येणार नाही, आणि तिकीट पुन्हा पुढे जाणार. आत्तापर्यंत तीनदा गेलं होतं.

सुरुवात गेल्या एप्रिलात झाली. लताबाईंना पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडच्या हॉर्नबीत मुलाकडे येऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मुलगा विराज आणि सून धम्मदीना सकाळी कामावर गेले की संध्याकाळपर्यंत घरात फक्त फ्रिज बोलायचा. ज्या बाईनं अख्ख्या नाशिकरोडचं बोलणं जोडून दिलं, तिला इथे राँग नंबरसुद्धा येईना. रेसिडेन्सी, म्हणजे कायम राहायचा परवाना, हातात होती, तरी त्यांनी मे महिन्याचं तिकीट काढायला लावलं. फक्त जाण्याचं.

आणि एके सकाळी दारात डबा. आइस्क्रीमचा, दोन लिटरचा, आत फिजोआ. हिरवी फळं, पेरूच्या चुलतभावासारखी. चिठ्ठी नाही.

"शेजारचे ग्रॅहम असतील," धम्मदीना कशीबशी कुजबुजली. तिचा घसा त्या आठवड्यात पार बसला होता. एका फळावर चिमुकलं स्टिकर होतं. इथले लोक परसातल्या फळालाही स्टिकर लावतात, हे पाहून लताबाईंना देशाबद्दल आदर वाटला.

त्यांनी डबा धुतला, चिवडा भरला आणि कुंपणावर ठेवला. तीन दिवसांनी तो सिल्व्हरबीटनं भरून आला. सिल्व्हरबीट म्हणजे व्यायाम करणारा पालक. शंकरपाळे गेले, लिंबं आली. मग लोणचं गेलं, म्हणजे ग्रॅहमचीच लिंबं तिखट होऊन माहेरी परतली. मेचं तिकीट सप्टेंबरवर गेलं.

पण लताबाईंना सल होता. तो घरचं पिकवून देतो आणि आपण दुकानातल्या पोह्यांवर भागवतो. बाजारचं देऊन घरच्याची फेड होत नाही. त्यांनी विराजचं लॉन एका कोपऱ्यातून उकरायला घेतलं. जुलै लागला म्हणून नाशिकच्या सवयीनं मेथी पेरली. ती कशीबशी उगवली आणि एका पहाटे गोठून काचेची झाली.

कुंपणावर एक लोकरी टोपी उगवली. "लता, जुलै थंडीत येतो," ग्रॅहम म्हणाला.

"आमच्याकडे पावसाळ्यात येतो."

"असं होय. मग तुमच्याकडे उलटा बसवलाय."

सप्टेंबरात वसंत आला. ग्रॅहमनं कंपोस्ट दिलं आणि ताकीद दिली, की ऑक्टोबरअखेरच्या लेबर वीकएंडआधी टोमॅटो लावलेस तर पोलिसांना फोन करीन. लताबाईंनी थांबून लावले. भर उन्हाळ्यात, जानेवारीत, त्यांच्या डब्यातून घरची मेथी गेली, कोथिंबीर गेली, मिरच्या गेल्या. तिकडून तान्ह्या बाळाएवढी झुकिनी आली. डब्यात मावेना, म्हणून ग्रॅहमनं डबाच तिला टोपीसारखा घातला होता. या धांदलीत सप्टेंबरचं तिकीट जानेवारीवर आणि जानेवारीचं एप्रिलवर गेलं.

धम्मदीना दर वेळी मुकाट्यानं तिकीट बदलून देई. राहा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तेच लताबाईंना लागलं. पाहुणा वर्षभर राहिला की त्याचं सामान होतं. गॅरेजमध्ये ठेवतात तसलं. या वेळी जायचंच.

"हा तुझा डबा," त्या कुंपणावरून म्हणाल्या. "रिकामाच आहे. माफ कर."

ग्रॅहमनं हात पुढे केला नाही. "माझा? मी वर्षभर तुझाच डबा तुला परत करतोय."

"पहिली फिजोआ तू दिलीस ना?"

"माझ्याकडे फिजोआचं झाड नाही. मला त्याचा वाससुद्धा सोसत नाही. माझ्याकडे चिवडा आला. डबा रिकामा कसा पाठवायचा, म्हणून भाजी घातली."

लताबाईंनी कुंपणावरून नजर फिरवली. लिंबू होतं, रुबार्ब होता, शेडपलीकडे कोबी होता. फिजोआ नव्हता. वर्षभरात त्यांनी तो एकदाही शोधला नव्हता.

त्या घरात आल्या. शनिवार होता. धम्मदीना कांदा चिरत होती.

"धम्मा, त्या फिजोआवर स्टिकर होतं."

सुरी थांबली. "सगळी काढली होती मी. एक राहिलं वाटतं."

"या घरात आइस्क्रीम येत नाही. विराजला शुगर आहे. मग दोन लिटर खाल्लं कोणी?"

"मीच. मॉलच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून." धम्मदीना कांद्याकडे बघत म्हणाली. "डबा रिकामा लागणार होता ना."

"एका बैठकीत?"

"हो. म्हटलं, तुम्ही भांडं तसंच परत करणार नाही. मग आपोआप ओळख होईल."

"एवढं करण्यापेक्षा तोंडानं 'राहा' म्हणता येत नव्हतं?"

"आई, घसा बसला होता."

 लताबाईंनी धुतलेला डबा पुन्हा धुतला, कोरडा पुसला आणि तो घेऊन आपल्या खोलीत गेल्या. बॅगेची चेन वाजली. बाहेर येऊन त्यांनी डबा सुनेच्या हातात दिला. आत त्यांचा पासपोर्ट होता.

"ज्याचा त्याला," त्या म्हणाल्या. "रिकामा कसा देणार?"