रोपाचं जेवण

रादिमने बाटली खळखळून हलवली, झाकणभर खत मोजलं आणि पाण्याने भरलेल्या झारीत ओतलं. बाल्कनीच्या काचेपाशी कुंडीत गांजाचं एकच रोप उभं होतं, वीतभरसुद्धा नाही. पानं खाली मुडपलेली, टोकं करपलेली.

"आजही?" स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून ओटिलियाने विचारलं. मधलं दार उघडंच होतं.

"भूक लागलीये त्याला, आई. पानं बघ ना कशी पडलीत."

"भूक कसली? अजीर्ण झालंय त्याला."

तो नुसता हसला. हे हसणं तिला चांगलं पाठ होतं. तुम्ही बोला, मी माझं करतोच, असं ते हसणं. बायकोसमोरही तो असाच हसायचा. ती कंटाळून बहिणीकडे निघून गेली आणि हा पंचेचाळिशीचा घोडा पुन्हा आईच्या दोन खोल्यांत येऊन बसला. आल्यापासून कुणाला तरी खाऊपिऊ घालायला याचे हात शिवशिवतायत. आधी मासे आणले. त्यांना इतकं चारलं की बिचारे पोटं वर करून तरंगले. तर हा म्हणे, मासेच रोगट होते.

मग ओटिलियाने त्याच्या हातात बिया दिल्या. चेक देशातल्या ओस्त्रावा शहरातल्या त्यांच्या इमारतीत प्रत्येक म्हातारीकडे एक बरणी असते. डुकराच्या चरबीत गांजाची पानं मंद आचेवर शिजवायची, गाळून ठेवायची आणि थंडीत दुखऱ्या सांध्यांना चोळायची. ओटिलियाची बरणी यंदा वसंतातच खरवडून संपली होती. तिची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झालेली, कुंडीत माती भरणं काही तिच्याच्याने होईना. हातांमुळे भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा सोडताना स्वतःच्या झाडाच्या तीन बिया तेवढ्या तिने जपून आणल्या होत्या. त्या संपल्या की बी नाही, आणि बी नाही तर बरणीही नाही. दुकानातलं मलम तिने लावून पाहिलं होतं. नुसता वास, गुण शून्य.

एक रोप रादिमने खत घालून जाळलं. दुसरं पाण्यात कुजवलं. हे तिसरं, शेवटचं. पिशवीतल्या मातीत पहिल्या काही आठवड्यांचं खत आधीच मिसळलेलं असतं, पिशवीवर ठळक छापलेलंही होतं. पण या उंटावरच्या शहाण्याने जगभरचं वाचलं, पिशवी तेवढी वाचली नाही. दोन्ही वेळा त्याने दोष नळाच्या पाण्याला दिला. नाचता येईना, अंगण वाकडं.

"कुंडी उचलून बघ," ती म्हणाली. "हलकी झाली असेल तरच पाणी घाल."

त्याने कुंडी उचलली. "हलकी आहे."

खालच्या बशीत पाणी साचलेलं होतं. कुंडी परत टेकवली तशा मातीतून बारीक माश्या उडाल्या. त्याही त्याला दिसल्या नाहीत.

"रादिम, आठवडाभर हात लावू नकोस त्याला. उपास घडू दे."

"उपाशी ठेवून कुणी मोठं होतं का, आई?"

"तू हात लावतोस ते मरतं रे."

त्याचे कान लाल झाले. पण झारी त्याने उचललीच. टाकून बोलल्याने हा थांबला असता तर कधीच थांबला असता, त्या बाबतीत तिने आजवर कसर ठेवली नव्हती. धावून जावं तर खुर्चीतून उठायलाच तिला वेळ लागायचा, आणि या हातांनी झारी हिसकावणार कशी?

तिने शेगडीवरच्या पातेल्याकडे पाहिलं. लसणाचं सूप होतं, रादिमनेच केलेलं. ती वाडगा दोन्ही मनगटांत धरून प्यायची. अर्धं अंगावर सांडायचं, पण प्यायची स्वतःच. वसंतात एक परिचारिका चमचा घेऊन आली होती, तिला ओटिलियाने जिन्यापर्यंत हाकललं होतं. रादिमनेही एकदा हौस करून पाहिली. तो चमचा भिंतीवर जाऊन आपटला होता, डाग अजून आहे.

"रादिम."

"आता काय?"

"मला भरव."

झारी तशीच अधांतरी राहिली. "काय म्हणालीस?"

"हात चालत नाहीयेत आज. सूप भरव म्हटलं."

त्याने झारी खाली ठेवली. धावत आला, पातेल्यातून वाडगाभर सूप घेतलं, तिच्या गळ्यात फडकं बांधलं. तिने बांधू दिलं. खुर्ची ओढून तो अगदी समोर बसला, चमच्यावर तीनतीनदा फुंकर घातली.

"हं, आ कर."

पंचाहत्तरीच्या ओटिलियाने आ केला. सूप पार खारट झालं होतं. होणारच. याच्या हातात मीठ आलं की तेही भरभरूनच.

"चांगलं झालंय ना?"

"झालंय."

त्याचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना. किळस आली तिला त्या चेहऱ्याची, त्या फुंकरीची, हनुवटीवरून फिरणाऱ्या फडक्याची आणि स्वतःच्या उघड्या तोंडाचीसुद्धा. ती त्याच्या खांद्यावरून बाल्कनीत बघत राहिली. झारी भरलेलीच होती. रोप मान टाकून उभं होतं, पण उभं होतं.

"रोज असंच करू या," तो म्हणाला. "तिन्ही वेळा. महिन्याभरात बघ कशी टुणटुणीत होतेस."

वाडगा संपला. त्याने तिचं तोंड पुसलं, फडकं सोडलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठता उठता बाल्कनीकडे नजर टाकली.

"अजून," ओटिलिया म्हणाली आणि तोंड उघडून बसली.