लग्नाआधीची तपासणी

"दोष तुझ्याही रक्तात, माझ्याही. पोरं सिकलसेलची निपजतील," म्हणत अदिसानं एबुनशी ठरलेलं लग्न मोडलं. मग इबादान शहरातल्या प्रयोगशाळेत एबुननं आयुष्य घातलं. जनुकं वाचून आजार किती छळणार, हे ओळखायला तिनं संगणकाला शिकवलं. नाव झालं, पण अदिसाच्या बायकोच्या निर्दोष रक्तावर ती जळतच राहिली.

आज तोच बायको मोरेनिके आणि बाळाला घेऊन समोर बसला होता. बाळाला सिकलसेल होता.

"अदिसा, दोष मोरेनिकेच्याही रक्तात आहे. लग्नाआधीची तपासणी चुकली होती." सांगताना एबुनच्या काळजाला गारवा मिळाला.

मोरेनिके हुंदके देऊ लागली. अदिसानं तिचा हात घट्ट धरला.

"रडतेस काय, वेडे? दोघं मिळून निभावू की!"

एबुन त्या हाताकडे बघत राहिली. रक्त तर दोघींचं सारखंच होतं.